‘काहीतरी चूक झाली’ एवढंच सांगू नका: डेटाबेसच्या कोडमधली एरर कशी हाताळायची

नागपुरात कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा हंगाम भरात आहे. अडत्याच्या गाळ्यावर मुनीम पट्टी सेव्ह करायला जातो आणि स्क्रीनवर एक लाल वाक्य येतं: ‘काहीतरी चूक झाली. पुन्हा प्रयत्न करा.’ तो पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा तेच वाक्य. काटोलहून आलेला शेतकरी ताटकळलेला, मागे दुसरी गाडी लागलेली. मग सॉफ्टवेअरवाल्याला फोन जातो.

‘साहेब, पट्टी सेव्हच होऊन नाही राहिली.’

‘काय म्हणते स्क्रीनवर?’

‘काहीतरी चूक झाली म्हणते.’

‘कोणती चूक?’

‘आता ते तुम्ही सांगा ना भाऊ, मले का मालूम!’

मुनीम बरोबर बोलतोय. डेटाबेसने त्या वेळी कारण नेमकं सांगितलेलं असतं: कोणतं टेबल, कोणती अट मोडली, कोणत्या किमतीमुळे (किंमत म्हणजे इथे भरलेली व्हॅल्यू, भाव नव्हे). मधल्या कोडने ते गिळलं आणि पुढे एक बिनकामाचं वाक्य सरकवलं. डेटाबेसला जे माहीत आहे ते वाटेत हरवू न देता, ज्याला जेवढं हवं तेवढं त्याच्यापर्यंत पोचवायचं, एवढाच या लेखाचा विषय आहे.

हिंगणा रोडवरच्या कॉलेजांतून बाहेर पडून आयटी पार्कात किंवा मिहानमध्ये पहिली नोकरी धरलेल्यांसाठी हे लिहितोय. सिलेक्ट-इन्सर्ट येतं, ट्राय-कॅच वाचलेलं आहे, पण ग्राहकाचा फोन अजून घेतलेला नाही, अशांसाठी. उदाहरण सगळीकडे या काल्पनिक पट्टी-सॉफ्टवेअरचंच घेतो. पट्टी म्हणजे माल विकल्यावर मिळणारा हिशेबाचा कागद: वजन, भाव, हमाली-तोलाई आणि हाती येणारी रक्कम. टेबलं चार: शेतकरी, व्यापारी, आवक आणि पट्टी. डेटाबेस पोस्टग्रेस धरलाय. मायएसक्यूएल, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर जिथे वेगळे वागतात तिथे तसं सांगेन.

पायरी १: डेटाबेस काय म्हणतोय ते आधी नीट वाचा

नवखा माणूस एररचा लांबलचक मजकूर दिसला की तो वरवर चाळतो आणि कोड बदलायला लागतो. थांबा. पोस्टग्रेसची एरर सुटे भाग जोडून येते: पाच अक्षरांचा कोड, मुख्य संदेश, ‘डिटेल’, कधीकधी ‘हिंट’, शिवाय टेबल, कॉलम आणि कन्स्ट्रेंट (डेटाबेसमध्ये घातलेली अट) यांची नावं. तुमच्या भाषेतल्या ड्रायव्हरकडून (डेटाबेसशी बोलणाऱ्या लायब्ररीकडून) हे भाग सुटे-सुटे मागून घेता येतात. पूर्ण वाक्य स्ट्रिंग म्हणून घेऊन त्यात शब्द शोधत बसायची गरज नाही.

त्या पाच अक्षरांच्या कोडला एसक्यूएलस्टेट म्हणतात. पहिली दोन अक्षरं म्हणजे वर्ग, आणि तेवढा वर्ग ओळखता आला तरी अर्धं काम होतं:

- २२: दिलेली माहितीच बसत नाही. मजकूर लांब आहे, आकड्याच्या जागी अक्षरं आहेत, शून्याने भागाकार झालाय.
- २३: डेटाबेसने घातलेली अट मोडली. २३५०५ म्हणजे तीच किंमत आधीच आहे, २३५०३ म्हणजे ज्याचा संदर्भ दिला तो सापडत नाही, २३५०२ म्हणजे भरायलाच हवी ती जागा रिकामी, २३५१४ म्हणजे चेक-अट मोडली.
- ४०: व्यवहार (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारी कामं) डेटाबेसने स्वतः मागे फिरवला. ४०००१ (एकाच वेळच्या व्यवहारांची टक्कर) आणि ४०पी०१ (डेडलॉक, म्हणजे दोन व्यवहार एकमेकांची वाट बघत अडकले) हे दोन लक्षात ठेवा.
- ०८: कनेक्शनची भानगड.
- ४२: टेबल नाही, कॉलम नाही, क्वेरी चुकीची, परवानगी नाही. म्हणजे बहुतेक वेळा आपलीच करणी.
- ५३: सर्व्हरकडची साधनं संपली. उदाहरणार्थ ५३३०० म्हणजे कनेक्शनं भरली.

मायएसक्यूएल यासोबत स्वतःचे आकडेही देतो: १०६२ म्हणजे दुबार नोंद, १४५२ म्हणजे संदर्भ सापडत नाही, १२१३ म्हणजे डेडलॉक. ओरॅकलमध्ये ओआरए-००००१ म्हणजे दुबार, ओआरए-०२२९१ म्हणजे संदर्भ सापडत नाही, ओआरए-०००६० म्हणजे डेडलॉक. आकडा नेहमी डेटाबेसच्या नावासोबत बोला, कारण १२०५ हा आकडा एसक्यूएल सर्व्हरमध्ये डेडलॉकचा आहे आणि मायएसक्यूएलमध्ये लॉकची वाट पाहून थकल्याचा. दोन्हींवरचा इलाज वेगळा आहे.

संदेशातल्या इंग्रजी शब्दांवरून निर्णय घेणारा कोड लिहू नका. सर्व्हरची भाषा बदलली की पोस्टग्रेसचे संदेशही बदलतात. मायएसक्यूएलच्या ८.० मालिकेत तर मधेच कधीतरी दुबार नोंदीच्या संदेशात की-च्या नावाआधी टेबलचं नाव यायला लागलं आणि तो मजकूर कापून वाचणारे प्रोग्राम गडबडले. कोडचे आकडे सहसा असे बदलत नाहीत.

पायरी २: अटी डेटाबेसमध्ये घाला आणि त्यांना नावं द्या

निव्वळ वजन शून्यापेक्षा जास्त असावं, एका आवकेची एकच पट्टी असावी, पट्टीतला शेतकरी खरोखर यादीत असावा: या अटी फॉर्मवर तपासाच, पण डेटाबेसमध्येही घाला. नाव तुम्ही दिलं नाही तर डेटाबेस देतो. पोस्टग्रेस निदान टेबल-कॉलमवरून काहीतरी बरं नाव जुळवतो. ओरॅकलमध्ये मात्र ‘एसवायएस_सी००’ने सुरू होणारा एक नंबर मिळतो, आणि रात्री अकरा वाजता लॉगमध्ये तो नंबर पाहून कोणालाही काहीही कळत नाही.

‘पट्टी_निव्वळ_वजन_धन’, ‘पट्टी_आवक_एकदाच’, ‘पट्टी_शेतकरी_संदर्भ’ अशी नावं ठेवा (कोडमध्ये रोमन लिपीत, अर्थातच). पुढे संदेश लिहिताना हीच नावं कामी येतात. कोडमध्ये एक छोटी डिक्शनरी ठेवायची: कन्स्ट्रेंटचं नाव डावीकडे, मुनीमाला दाखवायचं वाक्य उजवीकडे. नाव यादीत सापडलं तर ते वाक्य, नाही सापडलं तर सर्वसाधारण संदेश आणि संदर्भ क्रमांक.

इथे एक सवय सुरुवातीलाच मोडावी लागते. ‘आधी सिलेक्ट करून बघतो, पट्टी नसेल तर इन्सर्ट करतो.’ एकट्या माणसाच्या लॅपटॉपवर हे छान चालतं. गाळ्यावर दोन काउंटर आहेत. दोघांनी एकाच क्षणी सिलेक्ट केलं, दोघांनाही पट्टी दिसली नाही, दोघांनीही इन्सर्ट केली. युनिक अट (एक किंमत एकदाच) नसेल तर दोन पट्ट्या झाल्या. असेल तर एकाला २३५०५ आली, आणि ‘मी तर तपासलं होतं’ म्हणत त्या एररची तयारीच केलेली नव्हती. सरळ इन्सर्ट करा आणि २३५०५ आली तर काय करायचं ते लिहून ठेवा. आधीची तपासणी फार तर सोयीसाठी असू द्या. भरवसा अटीवर ठेवा.

पायरी ३: पकडायची कुठे, सोडायची कुठे

या एका पायरीवर सगळ्यात जास्त कोड बिघडलेला पाहिलाय. प्रत्येक फंक्शनभोवती ट्राय-कॅच, आणि कॅचच्या आत काहीच नाही, किंवा ‘फॉल्स’ परत. ओरॅकलच्या पीएल/एसक्यूएलमध्ये याचा एक कुप्रसिद्ध अवतार आहे: ‘व्हेन अदर्स देन नल’. म्हणजे कोणतीही एरर आली तरी काही करू नको, काही सांगू नको. हा प्रकार इतका बोकाळला की ओरॅकलच्या कंपायलरने पुढे त्यासाठी वेगळी सूचनाच दिली. सूचना सुरू ठेवल्या तर ती दिसते. पीएचपीत तर बराच काळ पीडीओ (डेटाबेसशी बोलणारा भाग) मुळातच गप्प राहायचा. एरर आपण होऊन एक्सेप्शन म्हणून फेकणं हे ८.० आवृत्तीपासून त्याचं नेहमीचं वागणं झालं. जुना प्रोजेक्ट हाती आला तर ही सेटिंग सर्वांत आधी बघा.

एरर पकडायची ती चारपैकी एखादं काम करता येत असेल तरच: ती दुरुस्त करता येते, व्यवहार पुन्हा चालवता येतो, वापरणाऱ्याला समजेल असं सांगता येतं, किंवा तिच्यावर अधिक माहिती चिकटवून वर पाठवता येते. यातलं काहीच जमत नसेल तर हात लावू नका, वर जाऊ द्या.

चौथं काम नवख्यांना सुचत नाही. शेतकरी शोधणाऱ्या फंक्शनला ‘कनेक्शन तुटलं’ एवढंच कळतं. ते कोणत्या आवकेची पट्टी करताना तुटलं हे वरच्या फंक्शनला माहीत असतं. वरच्याने ‘आवक ९९१२ ची पट्टी करताना’ एवढं जोडून नवीन एरर फेकायची, पण जुनी तिच्या पोटात जशीच्या तशी ठेवून. पायथनमध्ये ‘रेज… फ्रॉम’, जावामध्ये नव्या एक्सेप्शनला जुनी ‘कॉज’ म्हणून देणं. नुसता जुन्या एररचा मजकूर नव्या स्ट्रिंगमध्ये डकवला तर कोड गेला, कन्स्ट्रेंटचं नाव गेलं, ओळ क्रमांकही गेला. ओरॅकलमध्ये पकडून पुन्हा फेकली की मूळ ओळ क्रमांक हातचा जातो. तो ‘फॉरमॅट_एरर_बॅकट्रेस’मधून पकडल्या जागीच काढून ठेवावा लागतो. जावात एकगठ्ठा इन्सर्ट करताना वर दिसणारी एरर पुष्कळदा पोकळ असते. खरं कारण ‘गेटनेक्स्टएक्सेप्शन’मागे लपलेलं असतं.

आणि लॉग एकदाच, सर्वांत वरच्या पातळीवर. पाच फंक्शनांनी तीच एरर पाच वेळा लिहिली तर सकाळी लॉग उघडणाऱ्याला पाच बिघाड झाले असं वाटतं.

पायरी ४: पुन्हा करून बघण्यासारखी आहे का, ते ठरवा

२२ आणि २३ वर्गातल्या एरर पुन्हा प्रयत्न करून जात नाहीत. माहिती बदलल्याशिवाय उपाय नाही, तेव्हा सरळ वापरणाऱ्याला सांगा. ४२ वर्गातली एरर वापरणाऱ्याच्या हातातली नाही. त्याला ‘आमच्या बाजूची अडचण’ म्हणा आणि स्वतःच्या टीमला जागं करा. पुन्हा चालवून बघण्यासारख्या एरर म्हणजे ४० वर्गातल्या, आणि जपून ०८ व ५३ वर्गातल्या.

डेडलॉक कसा होतो ते बघून घ्या. काउंटर १ वर एका व्यवहारात आधी व्यापारी अ ची उधारी वाढवली, मग ब ची. त्याच वेळी काउंटर २ वर आधी ब ची, मग अ ची. पहिल्याने अ ची ओळ धरून ठेवलीय आणि ब ची वाट पाहतोय, दुसऱ्याचं नेमकं उलट. पोस्टग्रेस साधारण एक सेकंद वाट पाहून तपासतो आणि एकाचा व्यवहार ४०पी०१ देऊन मोडतो. यात कोणाच्याही माहितीत चूक नाही. मोडलेला व्यवहार परत चालवला की काम होतं, त्यामुळे मुनीमाला हे कळायचीही गरज नाही.

पण परत चालवायचा म्हणजे काय? पूर्ण व्यवहार, अगदी पहिल्या वाक्यापासून. अडलेलं शेवटचं वाक्य तेवढं पुन्हा पाठवायचं नाही. पोस्टग्रेस तसं करूच देत नाही: व्यवहारात एकदा एरर आली की पुढच्या प्रत्येक वाक्याला रोलबॅक होईपर्यंत, म्हणजे व्यवहार मागे फिरवेपर्यंत, २५पी०२ मिळते. लॉगमध्ये २५पी०२ चा ढीग दिसला तर त्यात वेळ घालवू नका, त्याच्या अगोदरची पहिली एरर शोधा. (मधला टप्पा वाचवायचा असेल तर सेव्हपॉइंट आहे, तिथपर्यंतच मागे येता येतं.)

मायएसक्यूएल इथे जास्त घातक आहे. १२१३ आली तर इनोडीबी (त्याचं साठवणीचं इंजिन) पूर्ण व्यवहार मागे फिरवतो. पण १२०५ आली, म्हणजे ठरलेले ५० सेकंद वाट पाहूनही लॉक मिळालं नाही, तर मुळातल्या सेटिंगप्रमाणे फक्त ते एक वाक्य मागे जातं. व्यवहार उघडाच राहतो, आधीची अर्धी कामं त्यात तशीच. कोडने एरर गिळली आणि पुढे जाऊन कमिट केलं (व्यवहार पक्का केला) तर शेतकऱ्याची पट्टी झाली पण व्यापाऱ्याच्या खात्यावर रक्कम चढलीच नाही. ही गडबड महिनाअखेर ताळा जुळवताना कळते, आणि तोवर कारण सांगणारा लॉग पुसला गेलेला असतो. तेव्हा एरर आली की रोलबॅक आधी, बाकी सगळं नंतर.

पुन्हा चालवण्याला मर्यादा घाला, तीन वेळा पुरे. दोन प्रयत्नांमधला वेळ वाढवत न्या आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक ठेवा, नाहीतर दोन्ही काउंटर एकाच तालात पुन्हा पुन्हा धडकतात. मुळात उधारी नेहमी व्यापाऱ्याच्या आयडीच्या चढत्या क्रमानेच बदलायची असा नियम केला तर वरचा डेडलॉक होतच नाही.

पायरी ५: कमिट झालं की नाही, हेच कळलं नाही तर?

कोडने कमिट पाठवलं आणि उत्तर यायच्या आत नेट गेलं. आता पट्टी सेव्ह झाली की नाही? तुमच्या कोडला हे खरोखरच कळू शकत नाही. ‘सेव्ह झाली नाही’ असं ठणकावून सांगितलं आणि मुनीमाने पुन्हा भरली, तर दोन पट्ट्या.

उपाय आधी करून ठेवायचा असतो. फॉर्म उघडतानाच काउंटरवर त्या पट्टीचा एक न बदलणारा आयडी तयार करा, तो पट्टीच्या टेबलात युनिक ठेवा, आणि कनेक्शन परत आलं की त्याच आयडीने पुन्हा पाठवा. पहिल्या वेळी कमिट झालं नसेल तर आता होईल. झालं असेल तर २३५०५ येईल, आणि या जागी २३५०५ ही चांगली बातमी आहे: पट्टी आधीच सुखरूप आहे. आतली रक्कम तीच आहे ना एवढं ताडून बघा आणि मुनीमाला ‘सेव्ह झाली’ दाखवा. नुसत्या कोडवरून निर्णय घेऊ नका, कन्स्ट्रेंटचं नावही बघा, असं मी म्हणतो ते यासाठी. आयडीची अट मोडली तर ती पोचपावती आहे. ‘पट्टी_आवक_एकदाच’ मोडली तर आधीच्या पट्टीचा आयडी बघा: वेगळा असेल तर ती तक्रार आहे, तोच असेल तर तीही पोचपावतीच.

पायरी ६: संदेश लिहा

एसक्यूएल सर्व्हरची ८१५२ ही एरर वर्षानुवर्षं लोकांच्या शिव्या खात होती. मजकूर कापला जाईल, एवढंच ती सांगायची. टेबल कोणतं, कॉलम कोणता, किंमत कोणती, काही नाही. साठ कॉलमांच्या इन्सर्टमध्ये बसा शोधत. २०१९ च्या आवृत्तीत तिच्या जागी २६२८ आली आणि ती टेबल, कॉलम आणि कापली जाणारी किंमत तिन्ही सांगते. बिघाड तोच होता. शोधायचा वेळ मात्र तासावरून मिनिटावर आला.

मुनीमासाठीच्या संदेशात तीन गोष्टी हव्यात: काम झालं की नाही, का अडलं, आता काय करायचं. पहिली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि तीच बहुतेक संदेशांत नसते.

समजा धर्मकाट्यावरची वजनं भरताना भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे आकडे उलटे पडले. निव्वळ वजन ऋण आलं, २३५१४ आली. आता हे दोन संदेश बघा:

‘इनव्हॅलिड इनपुट. कृपया योग्य माहिती प्रविष्ट करा.’

‘पट्टी सेव्ह झाली नाही. रिकाम्या गाडीचं वजन (४,२१० किलो) भरलेल्या गाडीच्या वजनापेक्षा (२,९८० किलो) जास्त आहे. दोन्ही आकडे उलटे पडलेत का ते बघा.’

दुसरा वाचून फोन येत नाही. दुबार पट्टीसाठीही तसंच: ‘नवीन पट्टी झाली नाही. या आवकेची पट्टी आज सकाळी ७:४० ला काउंटर २ वर झालेली आहे. ती उघडायची का?’ आणि कारण वापरणाऱ्याच्या हातातलं नसेल तेव्हा: ‘पट्टी सेव्ह झाली नाही. तुमच्या नोंदीत चूक नाही, अडचण आमच्या बाजूला आहे. फोन करताना हा नंबर सांगा: ५८३०१९.’ हा संदर्भ क्रमांक आकड्यांचाच आणि छोटा ठेवा. बत्तीस अक्षरांचा आयडी गाड्यांच्या हॉर्नमध्ये फोनवर सांगून बघा म्हणजे कळेल.

शब्द मुनीमाचे वापरा: पट्टी, आवक, गाडी, उधारी. ‘रेकॉर्ड’, ‘एंटिटी’, ‘प्रविष्ट’, ‘अवैध’ हे शब्द गाळ्यावर कोणी बोलत नाही.

मराठीत काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला दोन एरर हमखास भेटतात. पहिली आकड्यांची. मुनीमाचा कीबोर्ड मराठीवर राहिला आणि त्याने वजन ‘४५०’ असं देवनागरीत टाइप केलं. पायथनचं ‘इंट’ हे आनंदाने स्वीकारतं, जावाचं ‘पार्सइंट’सुद्धा. पण तीच स्ट्रिंग सरळ पोस्टग्रेसच्या आकडी कॉलमकडे गेली तर २२पी०२ येते. यासाठी संदेश लिहू नका, आकडे बदलून घ्या. माणसाने बरोबर लिहिलंय, त्याला का अडवायचं?

दुसरी लांबीची. गावाचं नाव ‘कळमेश्वर’. बोलताना ती पाच अक्षरं: क, ळ, मे, श्व, र. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल मात्र मात्रा आणि हलन्त वेगळे मोजतात, म्हणून आठ. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून बाइट चोवीस. ओरॅकलमध्ये कॉलम २० लांबीचा ठेवताना ‘कॅर’ लिहिलं नसेल तर सहसा ती लांबी बाइटमध्ये धरली जाते आणि ओआरए-१२८९९ सांगते: प्रत्यक्ष २४, कमाल २०. हे आकडे मुनीमाला दाखवले तर तो म्हणेल, अरे, पाच अक्षरं तर लिहिली! इथे संदेशापेक्षा कॉलम सुधारणं बरं.

डेटाबेसच्या आतल्या प्रोसिजरमधून तुमची स्वतःची एरर फेकायची असेल तर ओरॅकलने -२०००० ते -२०९९९ हे नंबर त्यासाठी मोकळे ठेवले आहेत. कोणता नंबर कशासाठी, याची एक यादी टीममध्ये ठेवा. नाहीतर सगळेजण -२०००१ च वापरतात. पोस्टग्रेसमध्ये ‘रेज एक्सेप्शन’सोबत कोड, डिटेल आणि हिंट तिन्ही देता येतात, ते द्या.

पायरी ७: लॉगमध्ये काय जावं, काय जाऊ नये

लॉगमधली ओळ अशी दिसावी: ‘पट्टी सेव्ह करताना अडलं, संदर्भ ५८३०१९, आवक ९९१२, शेतकरी आयडी ३०७, काउंटर २, कोड २३५१४, कन्स्ट्रेंट पट्टी_निव्वळ_वजन_धन, आवृत्ती ३.४.१’, आणि खाली मूळ एरर पूर्ण, स्टॅक ट्रेससकट. वेळ आणि सेकंद तर हवेतच.

काळजी घ्यायची ती डिटेलची. २३५०५ च्या डिटेलमध्ये पोस्टग्रेस दुबार ठरलेली किंमत छापतो, म्हणजे मोबाइल नंबर युनिक असेल तर तो नंबरच. २३५०२ आणि २३५१४ मध्ये तर अडलेली पूर्ण ओळ छापली जाते. त्या ओळीत शेतकऱ्याचा बँक खाते क्रमांक असला तर तो लॉगमध्ये गेला, तिथून बॅकअपमध्ये, तिथून मदत मागायला टाकलेल्या स्क्रीनशॉटमध्ये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर हे प्रकरण नुसत्या शिष्टाचाराचं राहिलेलं नाही. आयडी लिहा, किंमत झाका.

मूळ एरर स्क्रीनवर तर मुळीच दाखवू नका. टेबलांची, कॉलमांची नावं बाहेर दिसली की एसक्यूएल इंजेक्शन करणाऱ्याचं (फॉर्ममधून स्वतःची क्वेरी घुसवणाऱ्याचं) अर्धं काम तुम्हीच केलंत.

लॉग डेटाबेसच्याच टेबलात ठेवत असाल तर एक गोची आहे. एररची नोंद त्याच व्यवहारात इन्सर्ट केली आणि मग रोलबॅक झाला, की नोंदही गेली. ओरॅकलमध्ये यासाठी ऑटोनॉमस ट्रान्झॅक्शन आहे, म्हणजे मुख्य व्यवहारापासून स्वतंत्र कमिट होणारा व्यवहार. इतरत्र लॉगसाठी वेगळं कनेक्शन किंवा सरळ फाइल.

पायरी ८: मुद्दाम मोडून बघा

एरर हाताळणारा कोड रोजच्या वापरात क्वचितच चालतो, त्यामुळे तो पहिल्यांदा चालतो तो नेमका गर्दीच्या दिवशी. म्हणून आधीच चालवून घ्या. डेटाबेसची सर्व्हिस बंद करून सेव्ह दाबा. सेव्ह दाबताच लॅनची वायर काढा. युनिक अट मोडा, वजनं उलटी भरा, देवनागरी आकडे टाका, ‘कळमेश्वर’ लिहून बघा.

डेडलॉक हाताने घडवता येतो. पोस्टग्रेसच्या दोन खिडक्या उघडा आणि दोन्हींत बिगिन करा. पहिलीत व्यापारी १ ची उधारी बदला, दुसरीत व्यापारी २ ची. आता पहिलीत व्यापारी २ ची बदलायला जा. ती अडकून राहील. मग दुसरीत व्यापारी १ ची बदला. सेकंदाभरात एका खिडकीत ४०पी०१ येईल आणि दुसरी सुटेल. हे दिसलं की हाच प्रयोग एक बाजू खिडकीतून आणि दुसरी तुमच्या सॉफ्टवेअरमधून करा. सॉफ्टवेअरचा व्यवहार मोडला जाईपर्यंत एक-दोनदा करावं लागेल. मग खिडकीतला व्यवहार रोलबॅक करून सोडून द्या, नाहीतर सॉफ्टवेअरचा पुढचा प्रयत्न त्याच लॉकवर अडून बसेल. यानंतर तीन गोष्टी तपासा: मुनीमाच्या स्क्रीनवर काही न दिसता पट्टी सेव्ह झाली का, लॉगमध्ये कोड आणि पुन्हा केलेल्या प्रयत्नाची नोंद आहे का, आणि उधारी एकदाच वाढलीय ना.